गणित रोज, बाकीचं वाटेवर

आधी ती पुस्तकांची पिशवी खाली ठेव बघू. चौथीची सगळी, सहावीची सगळी, वर पाढ्यांचे तक्ते, पृथ्वीचा गोल, आणि अजून काय काय कोंबलंयस ते तुझं तुलाच माहीत. गाडी आणि तंबू घेऊन मुलांना दिवाळीनंतर फिरायला न्यायचं ठरवलंस, नवऱ्यालाही पटवलंस, तेच खरं अवघड होतं. आता सासूबाई ‘पोरांची शाळा बुडवताय’ म्हणाल्या म्हणून रात्री जागून तासांची वेळापत्रकं आखत बसू नकोस गं. खरं सांगू का, आमच्या पहिल्या फिरतीला मीही पाच रंगांत वेळापत्रक केलं होतं, वर लॅमिनेट करून आणलं होतं. चूल पेटेना तेव्हा वारा घालायला फार उपयोगी पडलं.

शाळा उचलून गाडीत घालता येत नाही. घालायची गरजही नाही. चाळीस मुलांना एकाच वेळी शिकवायचं म्हणून शाळेला घंटा लागते, हजेरी लागते, रांग लागते. तुझी मुलं दोन. चाळिसांच्या वर्गात पाऊण तास लागतो तो धडा समोरासमोर बसून वीस मिनिटांत होतो, मग उरलेला वेळ उगाच भरून काढायची हौस कशाला?

पण एक गोष्ट मात्र कान देऊन ऐक. गणित रोज. लिहिणं रोज. वाचणं रोज. एवढ्या तीन गोष्टी वाटेवर आपोआप होत नाहीत. बाकी सगळं होतं. लोक तुला सांगतील की स्वयंपाक करताना अपूर्णांक येतात, भाकरी मोडली की चतकोर समजतो. समजतो की! चतकोर समजतो, अर्धी समजते. पण दोन पंचमांश अधिक तीन सप्तमांश भाकरीवर करून दाखव बघू. त्याला वहीच लागते, पेन्सिल लागते आणि शेजारी बसलेलं मोठं माणूस लागतं. म्हणून सकाळचा चहा-नाश्ता झाला की, ऊन चढायच्या आत, सतरंजी टाकायची आणि गणिताला बसायचं. धाकट्याला अर्धा तास पुरे, थोरलीला पाऊण. गाडी हलवायची असेल त्या दिवशी सुट्टी, ताप असेल तर सुट्टी, एरवी नाही. ‘आज राहू दे’ हे तीनदा झालं की चौथ्यांदा वही सापडतच नाही, हे मी तुला लेखी देते.

पुस्तकं किती न्यायची? दोघांचं गणित आणि भाषा, बस. बाकीची बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती घरूनच मोबाईलमध्ये उतरवून घे, कारण तंबू जिथे छान लागतो तिथे रेंज नसते. वह्या मात्र भरपूर ने. एक चौकटीची, एक एकरेघी आणि प्रत्येकाला एक जाड, बिनरेघांची, पुठ्ठ्याच्या कव्हरची. ती बिनरेघांची वही म्हणजे रोजनिशी, चित्रवही, तिकिटं चिकटवायची जागा, सगळं एकच. रोज चार ओळी, वर तारीख आणि गावाचं नाव. शुद्धलेखनाच्या चुकांवर तिथे लाल पेन चालवायचं नाही हं. चुका दिसल्या तर ते शब्द दुसऱ्या दिवशी एकरेघीत घे. परत आल्यावर शाळेत मुख्याध्यापकांपुढे ठेवायला त्या वहीइतकं बोलकं दुसरं काही नसतं.

आता ‘बाकी वाटेवर होतं’ म्हणजे कसं ते सांगते, कारण तू कपाळाला आठ्या घातल्यास ते मला इथून दिसतंय.

तुझी यादी मी वाचली. रोज नवं गाव! अगं, तसं केलंस तर मुलांना फक्त गाडीची मागची सीट आठवेल. एका ठिकाणी चार-पाच दिवस तरी राहा. पहिल्या दिवशी मुलं धिंगाणा घालतात, दुसऱ्या दिवशी कंटाळतात, आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न विचारायला लागतात. आपल्याला तो तिसरा दिवस हवा असतो.

निघोजचंच घे. पुण्याहून अगदी जवळ, पारनेर तालुक्यात, कुकडी नदीच्या पात्रात ते रांजणखळगे आहेत. पर्यटक येतात, कडेला उभं राहून फोटो काढतात, अर्ध्या तासात वडापाव खायला निघून जातात. तू तसं करू नकोस. मुलांना एखाद्या उथळ, कोरड्या खळग्याच्या काठाशी पालथं झोपव आणि आतल्या भिंतीवरून हात फिरवायला सांग. वरचा काळा खडक खरखरीत लागतो आणि आतली भिंत गुळगुळीत. का बरं? उत्तर लगेच देऊ नकोस, जीभ चावून गप्प बस. मग तळाशी काय पडलंय ते बघायला सांग. गोल गोल गोटे असतात. बसाल्टसारख्या कठीण दगडाला एवढे खोल रांजण पाडणारी हत्यारं ती हीच. पुराचं पाणी भोवऱ्यात गरगर फिरतं, गोटे आणि वाळू त्याच्याबरोबर फिरतात, खडक झिजवतात आणि झिजवता झिजवता स्वतःही गोल होतात. किती वर्षं लागली असतील यावर माझ्या दोघांचं तिथे जे भांडण जुंपलं, त्यातून नदीचं खननकार्य त्यांच्या डोक्यात बसलं ते कायमचं. भूगोलाच्या पुस्तकात तेच एका परिच्छेदात असतं आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. फक्त पावसाळ्यात किंवा नदीला पाणी सुटलेलं असताना तिथे फिरकू नकोस, आणि मुलांचा हात सोडू नकोस. खळगे खोल आहेत आणि कडा निसरड्या.

तिथून जुन्नरकडे सरकलीस की नाणेघाट. तिथल्या गुहेत सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी शिलालेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी तो जोडला जातो आणि यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब त्यात आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. मुलांना मजा वाटते ती आकड्यांची. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. शून्य नाही आणि एकक-दशकाची घरंही नाहीत. त्या खुणा वहीत उतरवून घ्यायला लाव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला सांग, आता याच पद्धतीनं बेरीज कर. पाच मिनिटांत तोच म्हणेल की आपली पद्धत बरी. स्थानिक किंमत शिकवायला मी घरी मणी, काड्या, नोटा सगळं करून दमले होते गं, पण यापुढे ते काहीच नाही.

आणि रात्री, शेकोटी विझवल्यावर, एक उद्योग कर. हा घरी बसून होत नाही, फिरणाऱ्यांनाच जमतो. कंपासपेटीतला कोनमापक घे. त्याच्या सरळ बाजूला संपलेल्या बॉलपेनची रिकामी नळकांडी चिकटपट्टीनं चिकटव. कोनमापकाच्या मध्यबिंदूशी दोरा बांध आणि दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट. झालं यंत्र. थोरलीनं नळीतून ध्रुवतारा बघायचा, धाकट्यानं लोंबता दोरा कोनमापकावर बोटानं दाबून धरायचा आणि बॅटरी लावून आकडा वाचायचा. नळी आडवी धरली तर दोरा 90वर असतो. ताऱ्याकडे रोखल्यावर तो 90पासून जितका सरकला तितका ध्रुवतारा क्षितिजाच्या वर. नाणेघाटात तो कोन येतो साधारण 19 अंश. आता नकाशात नाणेघाटचा अक्षांश बघ. तोही 19 आणि थोडा वर!

बघ, सहावीच्या भूगोलातली ती अक्षवृत्तं, जी आपण दोघींनी नुसती घोकली, ती आकाशात मोजता येतात. गोव्याला पणजीपाशी तोच तारा साडेपंधरा अंशांवर खाली उतरतो, आणि पुढे उन्हाळ्यात तुम्ही मनालीला गेलात तर 32 अंशांवर चढलेला दिसतो. प्रत्येक मुक्कामी मोजायचं, वहीत तक्ता करायचा. दोन-तीन अंश इकडेतिकडे होतील, होऊ देत. चूक का आली हाही अभ्यासच. ध्रुव सापडत नसेल तर थंडीत संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठा शोधायची, मार्चपासून सप्तर्षी वर येतात, त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ लांबवायची. ध्रुव फार तेजस्वी नसतो बरं का. भलत्याच चमकदार ताऱ्याला ध्रुव समजून मी आमची गाडी थेट रशियात नेऊन ठेवली होती.

फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत कोकणात असलीस तर मंडणगड तालुक्यातलं वेळास चुकवू नकोस. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि गावानं ते काम आपलं मानलं. सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायची. तंबू नको, गावातल्या घरात राहा, मोदक खा. वाळूच्या तापमानावरून पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं, ऊब जास्त तर माद्या जास्त, हे ऐकल्यावर थोरली दिवसभर गप्प राहिली नाही तर मला सांग. घाट चढून वर आलात तर लोणारला उल्केच्या आघातानं झालेलं विवर बघा, एका काठापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ 1.8 किलोमीटर. लेणी बघायची तर अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, एवढं लक्षात ठेव म्हणजे बंद दारापुढे पोरांची रडारड ऐकावी लागणार नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या जागी तिकीट नसतं, तेवढीच आपली बचत.

आता कागदपत्रं. रात्री झोप उडते ती याचीच ना? शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. त्यात घरशाळेचं नाव नाही, तशी स्पष्ट मनाईही नाही. पण मुलाच्या बाजूनं त्यात बरंच आहे: वयानुरूप वर्गात प्रवेश, प्रवेशासाठी चाळणी परीक्षा नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे परतीचं दार बंद होत नाही. तरी माझं ऐकशील तर आधी मुख्याध्यापकांना भेट. चोरून जाऊ नकोस. काय करणार, कुठे जाणार, परीक्षेला कधी येणार, हे एका कागदावर लिहून दे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते, तुझी दोघं सुदैवानं त्यात नाहीत. प्रगतिपुस्तकं, जन्मदाखले, आधार यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये, मूळ कागद घरी कपाटात.

आणि समज, उद्या हे जीवन आवडलंच आणि शाळेत परत जायचं नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. दहावीला बसायला 14 वर्षं पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. बाहेरून परीक्षेला बसायला आपल्या राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्मही आहेच. पण ते सगळं नंतर. आज त्यात डोकं घालू नकोस. एका वेळी एकच भूत मानेवर घ्यावं.

खरी काळजी कशाची करायची ते मी सांगते. नदीच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, विशेषतः धरणाच्या खालच्या अंगाला. वर पाऊस नसला तरी पाणी सोडतात. नारळाच्या झाडाखाली नाही. तंबूच्या आत शेगडी कधीच नाही, कितीही थंडी वाजली तरी नाही, धुराविनाही जीव जातो. तंबूची चेन रात्री पूर्ण लावलेली हवी, कारण मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा कळतही नाही. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. साप किंवा विंचू चावला तर ना ब्लेड, ना आवळपट्टी, ना मांत्रिक. 108ला फोन आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. मुक्कामाला पोचलं की आधी ते कुठे आहे हे विचारून ठेवायचं, मग चहा. कोकणात लाल विंचवानं पोरं दगावायची गं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते थांबवता येतं हे दाखवलं, तेव्हा आता भीती नको, पण वेळ दवडायची नाही. ही गोष्ट मुलांनाही सांग. विज्ञान म्हणजे काय ते समजायला बरी आहे.

जंगलात वनखात्याची परवानगी, गावात सरपंच नाहीतर पोलीस पाटील यांना विचारून मुक्काम. बाई माणूस पुढे होऊन विचारते तेव्हा सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट ताकाचा तांब्या येतो. आणि आपल्या बायकांचं, जे कुणी सांगत नाही ते: संडासाची सोय बघितल्याशिवाय जागा पसंत करायची नाही. पाणी कमी पिऊन दिवस काढायचा वेडेपणा तर मुळीच नाही. पाळीच्या दिवसांत तंबू बंद, सरळ खोली घ्यायची. त्यात कसला आलाय पराभव?

‘मुलांना सोबत मिळेल का?’ हा तुझा प्रश्न मला आवडला. मिळते, पण मिळवावी लागते. संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणावर चेंडू घेऊन जायचं, बाकीचं मुलंच बघतात. तारीख जुळली तर 28 फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जा. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरतं, खेड्यापाड्यांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात, आणि 45 मीटर व्यासाच्या त्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीही बघायला मिळतात. अशा 30 आहेत त्या परिसरात.

वाटेत तुम्हाला ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भेटतील. वर संसार, त्यावर मुलं. त्यांचीही शाळा सुटलेलीच असते, फक्त ती हौसेनं नाही. मुलांपासून हे लपवू नकोस. शाळेशिवाय फिरणं आपल्याला परवडतं, कारण परत आल्यावर आपली जागा कुणी घेतलेली नसते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची साखरशाळा म्हणजे काय हे थोरलीला समजेल आता. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी कोसबाडला काय केलं तेही सांग. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. तेव्हा शाळाच उठून कुरणावर गेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. सासूबाईंनी पुन्हा विषय काढला तर त्यांनाही हीच गोष्ट ऐकव. त्यांच्या पिढीला अनुताईंचा फार आदर आहे, गप्प बसतील.

आता शेवटचं आणि तुझ्यासाठी. स्वयंपाक तू, कपडे तू, शिकवणं तू, आणि तो फक्त गाडी चालवणार आणि लॅपटॉप उघडून बसणार, असली वाटणी मान्य करून निघू नकोस. बघ, तंबूत काम घरच्यापेक्षा दुप्पट असतं. बादली लांब, भांडी बसून घासायची, सगळं रोज उघडायचं आणि रोज बांधायचं. म्हणून निघायच्या आधीच ठरव: सकाळचं गणित त्याचं, त्या वेळात तू नदीवर एकटी जाऊन बस नाहीतर झोप. मुलांची कामंही नेमून दे, खुंट्या ठोकणं आणि पाणी भरणं त्यांना जमतं. जेवायला रोज साग्रसंगीत नको. मेतकूट, भाजणी, सुक्या खोबऱ्याची चटणी, मूगडाळ आणि तांदूळ एवढ्यावर आठवडा निघतो. एखादा दिवस असा येईल की पाऊस अवेळी येऊन गाद्या भिजतील, धाकटा रडेल, थोरली ‘मला माझ्या मैत्रिणी हव्यात’ म्हणेल आणि तुला सगळं सोडून घरी पळावंसं वाटेल. त्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही. लॉजवर जायचं, गरम पाण्यानं आंघोळ, बाहेरचं जेवण, झोप. दुसऱ्या दिवशीही घरी जावंसं वाटलं तर खुशाल जा, कुणी पदक काढून घेणार नाही.

पहिला मुक्काम लांब नको. पवनेच्या काठी नाहीतर भंडारदऱ्याला दोन रात्री काढून बघा, काय विसरलंय ते तिथेच कळेल. त्याआधी तंबू गच्चीत एकदा उभा करून बघ, शेगडीचा वॉशर बदलून घे, आणि तो पृथ्वीचा गोल परत कपाटावर ठेव. जास्तीच्या खुंट्या आणि मोठा कंदील माझ्याकडे आहे, रविवारी येऊन घेऊन जा.